क्रीममधला कृत्रिम सुगंध त्वचेसाठी सुरक्षित असतो का?

बहुतेकांसाठी हो. पण सुगंधाच्या काही घटकांची काहींना ॲलर्जी होते आणि नेमका घटक लेबलवरून कळेलच असं नाही.

सुगंध येतो कुठून?
बहुधा अनेक रसायनांच्या मिश्रणातून. क्रीम तळ्याच्या बाजारातून घेतलं तरी त्यातला सुगंध लांबचाच असतो असं नाही. याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या एमआयडीसीत टर्पेंटाइनपासून सुगंधी रसायनं बनतात आणि निर्यातही होतात.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक का?
नाही. कारखान्यात बनणारं लिनालूल लॅव्हेंडरच्या तेलातही असतं. हवा लागली की त्यापासून ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात, मग ते कुठूनही आलेलं असो. लिंबाच्या सालीतल्या लिमोनीनचंही तसंच.

धोका कोणता?
मुख्यतः ॲलर्जी: खाज, लाली, पुरळ. ती एकदा जडली की सहसा कायम राहते. सावळ्या त्वचेवर पुरळ गेल्यावरही काळे डाग राहू शकतात. काही घटकांवर बंदीही आली आहे. युरोपीय संघाने ॲलर्जीमुळे लायरल आणि प्रजननक्षमतेला अपाय होण्याच्या शक्यतेमुळे १ मार्च २०२२ पासून लिलियल बंद केलं.

लेबलवर काय दिसतं?
भारतात घटकांची यादी छापावी लागते, पण सुगंधासाठी अनेकदा 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' एवढाच शब्द असतो. युरोपात २००५ पासून ॲलर्जी आणणाऱ्या २६ घटकांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेलं, की त्यांची नावं वेगळी द्यावी लागतात. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या पुढे गेली.

काय करावं?
- नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज आली तर थांबा.
- धुऊन टाकायच्या साबणापेक्षा अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनबाबत जास्त जपा.
- 'अनसेंटेड' शब्दावर विसंबू नका. मूळ वास झाकायला त्यातही सुगंध असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' शोधा आणि यादीही वाचा.
- जुनं, बराच काळ उघडं राहिलेलं क्रीम वापरू नका.
- पुरळ उठलं तर वापर थांबवा आणि डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या पॅच टेस्टमध्ये नेमका घटक सापडू शकतो. त्याचं नाव लिहून ठेवा; पुढच्या खरेदीत तेच उपयोगी पडेल.