चिखली : ऐच्छिक व सक्तीचा प्रवास
इंद्रायणीकाठचे, देहू-आळंदी दरम्यानचे गाव; १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट. तुकाराम महाराजांचे टाळ वैकुंठगमनसमयी येथे पडले, या श्रद्धेमुळे ‘टाळगाव’ म्हणूनही परिचित. ऐच्छिक प्रवासाचा नमुना म्हणजे पंढरीची वारी. देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीतून नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये सुरू केली. तिथी, मुक्काम व दिंडीची सोबत वारकऱ्याला आधीच ठाऊक असते. भोसरी-चाकण पट्ट्यात कामासाठी येणाऱ्यांचा प्रवास मधल्या प्रकारचा : निर्णय स्वतःचा, निकड पोटाची. सक्तीचा प्रवास फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीतीलच कुदळवाडीत घडला. महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी कारवाईत भंगार गोदामे व लघुउद्योगांच्या शेड पाडल्याने व्यावसायिक-कामगारांना अन्यत्र जागा शोधावी लागली.