क्लाउनफिश रात्री आडवा का पडतो? घरच्या टाकीतील 'निमो'च्या झोपेचे गूढ

रात्री टाकीतला दिवा बंद झाला की नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात जातो आणि एका कुशीवर कलंडतो. कधी तो शेपटी खाली सोडून तिरका तरंगतो, कधी हीटरला टेकून पडतो, तर कधी वाळूवर चक्क आडवा होतो. हा मासा नव्याने पाळणाऱ्याला पहिल्याच रात्री वाटते की मासा मेला किंवा मरायला टेकला आहे. मग घाईघाईने दिवा लावला जातो, जाळी टाकून मासा बाहेर काढला जातो, नाहीतर अंदाजाने औषध ओतले जाते. बहुतेक वेळा मासा फक्त झोपलेला असतो. मात्र काही वेळा हेच आडवे पडणे खऱ्या आजाराचे लक्षण असते. त्यामुळे या दोन्हींतला फरक ओळखता आला, तर निरोगी माशाचा छळ टळतो आणि आजारी माशाला वेळेत मदत मिळते.

मासे खरोखर झोपतात का?

माशांना पापण्या नसतात, त्यामुळे झोपेतही त्यांचे डोळे उघडेच दिसतात. मासे झोपत नाहीत हा समज त्यातूनच पसरला आहे. एखादा प्राणी झोपला आहे की नाही हे शास्त्रज्ञ डोळ्यांवरून नव्हे, तर वागण्यावरून ठरवतात. हालचाल कमी होणे, ठरावीक जागा आणि ठरावीक पवित्रा घेणे, आजूबाजूच्या हालचालींना उशिरा प्रतिसाद देणे, हलवल्यावर लगेच जागे होणे आणि झोपमोड झाली तर नंतर ती भरून काढणे, या त्याच्या मुख्य खुणा आहेत.

२०१९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी झेब्राफिशच्या पिल्लांच्या मेंदूतील हालचाल टिपली. माणसाच्या गाढ झोपेशी आणि स्वप्ने पडणाऱ्या झोपेशी साम्य असलेल्या दोन अवस्था त्यांना या माशांमध्ये आढळल्या. झेब्राफिश हा क्लाउनफिशचा जवळचा नातेवाईक नाही, पण झोपेची मुळे किती जुनी आहेत हे या संशोधनातून कळते.

क्लाउनफिश हा दिवसा जागा राहणारा मासा आहे. अंधार पडला की तो विश्रांतीला जातो आणि उजाडताच पुन्हा फिरू लागतो.

समुद्रातले अंथरूण

क्लाउनफिशच्या सुमारे ३० जाती आहेत आणि त्या हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात राहतात. भारतात ते अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांजवळ दिसतात. त्यांचे घर म्हणजे सी अ‍ॅनिमोन हा प्राणी, म्हणजेच समुद्रफूल. त्याच्या शुंडकांना स्पर्श झाला की विषारी सूक्ष्म काटे सुटतात आणि लहान मासे लुळे पडतात. क्लाउनफिशच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे मात्र त्याला हा डंख बसत नाही. समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जातींपैकी साधारण १० जातीच क्लाउनफिशला आसरा देतात.

रात्री हा मासा या शुंडकांच्या आत शिरून पडून राहतो. शुंडके त्याला चारही बाजूंनी आधार देतात आणि शत्रूला लांब ठेवतात. तिथे तो कुशीवर झुकला तरी कुणाला दिसत नाही. घरच्या टाकीत दिसणारी 'विचित्र' झोप समुद्रातही असतेच, फक्त ती शुंडकांच्या आड लपलेली असते.

टाकीत समुद्रफूल नसले तर?

बहुतेक घरगुती टाक्यांत समुद्रफूल नसते. ते सांभाळायला प्रखर दिवे, स्थिर पाणी आणि बरेच महिने मुरलेली टाकी लागते. सध्या बाजारात मिळणारे बरेचसे क्लाउनफिश कृत्रिम प्रजननातून आलेले असतात आणि त्यांनी समुद्रफूल कधी पाहिलेलेही नसते. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे.

समुद्रफुलाशिवायही क्लाउनफिश व्यवस्थित जगतो. पण एका जागेला धरून राहण्याची त्याची उपजत सवय सुटत नाही. मग तो टाकीतच एखादी जागा ठरवतो आणि रोज रात्री तिथेच जातो. नेहमी दिसणारे प्रकार असे:

• वरच्या कोपऱ्यात तिरके तरंगणे: काचेचे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे पाण्याचा प्रवाह मंद असतो आणि दोन्ही बाजूंनी आडोसा मिळतो. हा सर्वात जास्त दिसणारा प्रकार आहे.

• कुशीवर कलंडणे: बहुतेक माशांचे शरीर पाण्यात आपोआप सरळ राहत नाही. तोल सांभाळण्यासाठी त्यांना पर सतत थोडेथोडे हलवावे लागतात. विश्रांतीत ही हालचाल कमी होते आणि शरीर झुकते.

• वाळूवर किंवा कुंडीत झोपणे: काही मासे वाळूत उथळ खळगा करून त्यात बसतात. मातीची लहान कुंडी आडवी ठेवली तर अनेक जोड्या तिलाच घर मानतात.

• प्रवाळाला बिलगणे: लांब मऊ शुंडके असलेल्या प्रवाळांत शिरून झोपणारे क्लाउनफिश अनेक टाक्यांत दिसतात. समुद्रफुलाची जागा तिथे प्रवाळ घेतो, पण सततच्या घुसळण्याने प्रवाळ आक्रसू शकतो.

• हीटर किंवा पंपाजवळ पडणे: आडोसा म्हणून ही यंत्रेही निवडली जातात. हीटरला जाळीचे आवरण आणि पंपाच्या तोंडाला जाळी लावणे सुरक्षित ठरते.

• जागच्या जागी वळवळणे: झोपेच्या वेळीही काही क्लाउनफिश शेपटी हलवत राहतात.

रात्रीची वळवळ कशासाठी?

या शेवटच्या सवयीचा संबंध त्यांच्या समुद्रातल्या जीवनाशी असू शकतो. तांबड्या समुद्रातील दोन पट्ट्यांच्या क्लाउनफिशवरचे एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री मासा आणि समुद्रफूल एकत्र असताना त्यांचा ऑक्सिजनचा वापर, दोघांना वेगळे ठेवल्यावर होणाऱ्या एकूण वापराच्या सुमारे १.४ पट निघाला. मासा शुंडकांच्या मधून फिरतो, वळतो, पर हलवतो आणि त्यामुळे समुद्रफुलाभोवती ताजे पाणी खेळते, असे संशोधकांना दिसले.

याचा अर्थ असा की क्लाउनफिशची रात्र म्हणजे दगडासारखे पडून राहणे नव्हे. अधूनमधून होणारी हालचाल त्याच्या स्वभावातच आहे.

जोडीत कोण कुठे झोपते?

क्लाउनफिशच्या गटात मादी सर्वात मोठी आणि वरचढ असते. तिच्या खालोखाल प्रजनन करणारा नर आणि त्याखाली लहान, अपक्व मासे असतात. मादी मेली तर तो नरच मादी बनतो. हा क्रम झोपेच्या जागेतही दिसू शकतो. जुळलेली जोडी शेजारी शेजारी झोपते. जोडी अजून जुळत असेल, तर मादी चांगली जागा घेते आणि लहान मासा थोडा दूर थांबतो. लहान मासा तिच्यासमोर अंग तिरके करून थरथरतो, ती शरणागतीची खूण असते. नवखे लोक तिला झटका आल्याचे समजतात.

लहान मासा दररोज एकटाच पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात दबून राहत असेल, त्याचे पर फाटलेले असतील आणि दिवसाही त्याला खाली येऊ दिले जात नसेल, तर ती झोपेची सवय नसून छळ आहे. अशा वेळी दोघांना वेगळे करावे लागते.

उजेड चालू राहिला तर?

माशांच्या शरीरातले घड्याळ उजेड-अंधारावर चालते. रात्रभर दिवा चालू असलेल्या टाकीत क्लाउनफिशला नीट विश्रांती मिळत नाही. त्याचा परिणाम प्रजननावरही होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या प्रयोगात, रात्री कृत्रिम उजेडात ठेवलेल्या क्लाउनफिशच्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आले नाही. या माशांची अंडी अंधार पडल्यावरच फुटतात, तो अंधार त्यांना मिळालाच नाही.

टाकीचा दिवा टायमरवर रोज १० ते १२ तास ठेवणे पुरेसे असते. गडद अंधारात अचानक प्रखर दिवा लावला तर मासा दचकून काचेवर आदळतो किंवा टाकीबाहेर उडी मारतो. म्हणून आधी खोलीतला दिवा, मग टाकीतला, असा क्रम ठेवावा आणि टाकीवर जाळीचे झाकण असावे.

झोप की आजार?

सर्वात सोपी कसोटी सकाळची असते. दिवा लागल्यावर थोड्या वेळात मासा सरळ पोहू लागला आणि खाण्यावर झडप घालू लागला, तर रात्रीच्या पवित्र्याची काळजी करण्याचे कारण नाही. पुढील खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये:

• दिवसाही कुशीवर पडणे किंवा सरळ राहता न येणे
• कल्ले भराभर हलणे, पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकणे
• खाणे सोडणे
• अंगावर जाड पांढरट बुळबुळीत थर येणे, कातडी सुटल्यासारखी दिसणे
• अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके किंवा बारीक पिवळसर भुकटी दिसणे
• सतत पंपाच्या प्रवाहात तोंड करून राहणे आणि उजेड टाळणे

जाड थर आणि धाप ही ब्रुकलिनेला या परजीवीची लक्षणे असू शकतात. क्लाउनफिशमध्ये हा आजार इतका आढळतो की त्याला त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भुकटी दिसणे आणि प्रवाहात थांबणे ही सागरी व्हेल्वेटची लक्षणे असू शकतात. दोन्ही आजार काही दिवसांत जीव घेतात, म्हणून माशाला वेगळ्या टाकीत हलवून जाणकाराकडून उपचार घ्यावे लागतात.

सगळे मासे एकदम वर आले तर

एकटा क्लाउनफिश कोपऱ्यात झोपणे वेगळे आणि टाकीतले सगळे मासे पहाटे पृष्ठभागावर धापा टाकणे वेगळे. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण मासे, प्रवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन वापरतच राहतात. त्यामुळे पहाटे दिवे लागण्याआधी पाण्यातील ऑक्सिजन सर्वात कमी असतो. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला, तर धोका दुप्पट होतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असणे हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे. पंप नसेल तर भांड्याने टाकीतलेच पाणी वर घेऊन हळूहळू परत सोडत राहिले तरी हवा मिसळते.

मासा संशयास्पद दिसला की औषधाआधी पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि क्षारता स्थिर असेल, तर बऱ्याच शंका तिथेच मिटतात. झोपलेल्या माशाला काठीने ढोसणे किंवा मोबाइलचा फ्लॅश मारून व्हिडिओ काढणे टाळावे. मंद उजेडात काही क्षण कल्ल्यांकडे पाहिले की पुरते. ते संथ आणि एका लयीत हलत असतील, तर कोपऱ्यात कलंडलेला मासा आरामात आहे आणि त्याला तसेच राहू द्यावे.