राक्षसाची वाचा

‘फ्रँकेन्स्टाईन’ म्हटले की चौकोनी कपाळाची, मानेत खिळे असलेली व केवळ घुरघुरणारी एक आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. वस्तुतः हे नाव त्या राक्षसाचे नव्हे. त्यास घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे आहे. मेरी शेली ह्यांच्या १८१८ सालच्या इंग्रजी कादंबरीत तो जीव निनावी आहे खरा, पण मुका नाही. एका कुटुंबाच्या घराआड लपून तो त्यांची भाषा शिकतो, ग्रंथ वाचतो आणि निर्मात्यास आपली कैफियत ऐकवितो.

१८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर येताच त्याची वाचा गेली. पुढे १९३१ साली युनिव्हर्सल कंपनीसाठी जेम्स व्हेल ह्यांनी चित्रपट काढला. तो बोलपट असूनही राक्षस अबोलच राहिला. तथापि वरून येणाऱ्या प्रकाशाकडे हात पसरणाऱ्या बोरिस कार्लॉफ ह्यांनी त्या अबोलपणातही करुणा ओतली.

१९३५ साली व्हेल ह्यांनीच ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ हा उत्तरार्ध केला. अरण्यातील एक अंध वृद्ध त्या आगंतुकास आश्रय देतो व बोलावयास शिकवितो. पाव, मद्य, मित्र असे मोजके शब्द तो उच्चारतो. राक्षसाने बोलणे ही चूक आहे, असे खुद्द कार्लॉफ ह्यांचे मत होते. परंतु हा उत्तरार्ध मूळ चित्राहून सरस असे अनेक जाणकार मानतात, आणि मला वाटते, त्याचे श्रेय ह्या चार शब्दांस आहे.

पुढील कथा उतरणीची आहे. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मध्ये तो पुन्हा मुका झाला, का, ते कोणी सांगितले नाही. १९४२ साली त्याच्या कवटीत दुसऱ्याचा मेंदू बसविला गेला. तो बोलू लागला, पण परक्या आवाजात, आणि दृष्टी गमावून बसला. १९४३ च्या चित्रात बेला लुगोसी ह्यांनी तो अंध, बोलणारा राक्षस रंगविला. परंतु प्रदर्शनापूर्वी त्यांचे सर्व संवाद, आणि त्यांबरोबर अंधत्वाचा उल्लेखही, कापला गेला. उरले ते हात पुढे करून चाचपडणे. आज मुले राक्षसाची नक्कल करतात ती ह्याच चालीची. ती आंधळ्याची चाल आहे हे कोणास ठाऊक नसते! १९४८ साली ॲबट व कॉस्टेलो ह्या विनोदी जोडीसमोर तो हास्याचा विषय झाला. १९५७ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने नवी मालिका आरंभिली. तिचा नायक मात्र शास्त्रज्ञ होता.

कचेरीत टिपणावर टिपण चढत जाते आणि मूळ अर्जदाराचे गाऱ्हाणे तळाशी दबते, हे आपणांस अपरिचित नाही. येथेही तेच घडले. अर्ज पुन्हा उघडला गेला तो फार उशिरा. १९९४ साली केनेथ ब्रॅना ह्यांच्या, आणि २०२५ साली गिलेर्मो देल तोरो ह्यांच्या चित्रपटात राक्षस पुनश्च बोलू लागला.

परमुलखात नोकरीनिमित्त राहिलेल्या माणसास ह्या इतिहासाचे मर्म सांगावे लागू नये. नव्या गावी पहिल्या दिवशी आपणही पाव आणि पाणी मागण्यापुरते शब्द शिकतो. ‘मित्र’ हा शब्द उच्चारावयास मात्र समोर कोणी आपले म्हणून ऐकणारा असावा लागतो.