डमडमचा तोफखाना आणि गुरूचे चंद्र

कलकत्त्याच्या ईशान्येस असलेल्या डमडमचे नाव जगभर गेले ते एका बंदुकीच्या गोळीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शस्त्रशाळेत तयार झालेली, शरीरात शिरताच पसरणारी ही गोळी इतकी निर्घृण ठरली की १८९९ साली हेग येथील परिषदेने तसल्या गोळ्यांवर बंदी घातली. त्यापूर्वी, १८५७ च्या जानेवारीत, काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावतात ही वार्ता फुटली तीही डमडमलाच. पुढे तेथे विमानतळ झाला आणि हे नाव देशोदेशींच्या प्रवाशांच्या तोंडी बसले. अशा या गावाशी गुरू ग्रहाच्या चंद्रांचा काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येणार नाही. तो आहे, आणि तो जोडणारा गृहस्थ कोणी ज्योतिषी नसून तोफखान्याचा अधिकारी होता.

कर्नल टॉमस डीन पिअर्स १७६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला. बंगालच्या तोफखान्याला शिस्त आणि रूप देण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. या तोफखान्याचे ठाणे १७८३ साली डमडमला झाले आणि पिअर्सच्या मृत्यूनंतर त्याचा स्मारकस्तंभही तेथेच उभारण्यात आला. वॉरन हेस्टिंग्जचा तो जिवाभावाचा स्नेही. १७ ऑगस्ट १७८० रोजी हेस्टिंग्ज व फिलिप फ्रान्सिस हे कंपनी सरकारचे दोन धुरंधर चौदा पावलांवर पिस्तुले रोखून एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा हेस्टिंग्जचा साक्षी म्हणून पिअर्सच हजर होता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते ते बहुधा या द्वंद्वाच्या टीपेपुरते. परंतु त्याच्या हातून झालेले टिकाऊ काम निराळेच आहे. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ साली निघाला. त्यात फोर्ट विल्यम येथे आणि मद्रास ते कलकत्ता या वाटेवर त्याने घेतलेले आकाशाचे वेध छापलेले आहेत, आणि त्यांत गुरूच्या चंद्रांच्या ग्रहणांना मानाचे स्थान आहे.

हे वेध कशासाठी घ्यावयाचे? जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. आपल्या पंचांगात गुरूला मोठा मान. पण हे चंद्र साध्या डोळ्यांना दिसत नसल्याने त्यांना तेथे जागा मिळाली नाही. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’त मात्र त्यांचा उल्लेख आढळतो. या चौघांपैकी सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या छायेत शिरून दिसेनासा होतो. तो दिसेनासा होण्याचा क्षण पृथ्वीवर सर्वत्र एकच असतो. भिन्न असतात ती ठिकठिकाणची घड्याळे. ग्रिनिचला तो क्षण कोणत्या वेळी यावा हे इंग्रजांच्या नाविक पंचांगात आधीच गणित करून दिलेले असे. सूर्य किंवा तारे यांवरून आपली स्थानिक वेळ काढावी, तिच्यातून ग्रिनिचची वेळ वजा करावी, आणि तासाला १५ अंश या हिशोबाने रेखांश मांडावा. कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद पुढे होती. म्हणजे ८८ अंश २० कला.

युक्ती सोपी दिसते, पण तिला कष्ट फार. चंद्र दिवा विझावा तसा एकदम मावळत नाही, मंद होत होत जातो. एका दुर्बिणीला तो जेव्हा दिसेनासा होतो, तेव्हा दुसरीला आणखी काही क्षण दिसत राहतो. एका मिनिटाची चूक झाली की बंगालच्या अक्षांशावर जागा सुमारे २५ किलोमीटर सरकते. हेलकावणाऱ्या जहाजावर तर दुर्बीण स्थिरच राहत नाही. म्हणून समुद्रावर पुढे अचूक घड्याळे रूढ झाली आणि गुरूचे चंद्र जमिनीवरच्या मोजणीदारांच्या वाट्याला आले.

१७८१ च्या जानेवारीत पिअर्सला मद्रासकडे निघावे लागले. हैदरअलीने कर्नाटकात इंग्रजांना जेरीस आणले होते आणि त्यांच्या मदतीस बंगालची फौज खुष्कीच्या मार्गाने धाडावयाची होती. तो मार्ग ओरिसातून, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखातून जात होता. कटकला राजाराम पंडित सुभेदार होता, आणि मुधोजी भोसल्यांचा पुत्र चिमणाजी मोठे घोडदळ घेऊन तेथे आला होता. नाना फडणिसांनी पुणे, हैदराबाद, नागपूर आणि हैदर यांची जी एकजूट इंग्रजांविरुद्ध उभी केली, तिच्यात बंगालवर चालून जाण्याची कामगिरी या घोडदळाकडे होती. चाळीस वर्षांपूर्वी बर्ग्यांच्या भयाने कलकत्त्याभोवती खंदक खणला गेला होता. ते भय अद्याप पुरते विरले नव्हते. पण स्वारी रेंगाळली, हेस्टिंग्जने नागपूरकरांना पैसा दिला आणि पिअर्सची पलटण कटकच्या वाटेने निर्वेध गेली. नानांच्या राजकारणाला याहून मोठा धक्का रणांगणावरही क्वचितच बसला असेल.

गंजामजवळ पलटणीत पटकीची साथ फुटली आणि माणसे भराभर मेली. पुढे मद्रासच्या लढाया आणि १७८३ चा कडलूरचा वेढा. सुमारे पाच हजार शिपाई निघाले होते. १७८५ च्या आरंभी कलकत्त्याला परतले ते दोन हजारांहूनही कमी. अशा परतीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला दुर्बीण रोवून आयोच्या ग्रहणाची वाट पाहत बसणाऱ्या माणसाच्या चिकाटीचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र हे ज्ञान निर्हेतुक नव्हते, हेही विसरता येत नाही. वाट मोजली गेली ती फौजा नेण्यासाठी. नागपूरच्या दरबाराने रुपये मोजून घेतले; आपल्या मुलुखातून जाणारा परका काय मोजून नेतो आहे, याची चौकशी तेथे कोणी केली असेल असे वाटत नाही. १८०३ च्या सप्टेंबरात गंजामहून निघून हारकोर्टची इंग्रजी फौज याच किनाऱ्याच्या वाटेने कटकवर आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात देवगावच्या तहाने भोसल्यांचा ओरिसा गेला.

पिअर्स १५ जून १७८९ रोजी वारला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९८९ रोजी, गुरूच्या चंद्रांकडे एक यंत्रयान निघाले आणि त्याला गॅलिलिओचेच नाव देण्यात आले. तत्पूर्वी १९७९ साली व्हॉयेजर यानांनी आयोवर धगधगणारे ज्वालामुखी दाखविले होते. पण ती यानेच, जवळून निघून गेलेली. गॅलिलिओ यान गुरूभोवती फिरत राहावयाचे होते, आणि एका चंद्राला चाटून दुसऱ्याकडे वळावयाचे असेल तर प्रत्येक चंद्र कोणत्या क्षणी कोठे असेल हे आधी बिनचूक ठाऊक हवे. ते गणित शुद्ध करण्यासाठी अमेरिकेतील पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत जुन्या वेधांच्या वह्या उघडल्या गेल्या. १६५२ पासून १९८३ पर्यंतच्या ग्रहणवेधांचा तेथे तयार झालेला संग्रह १९८६ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीवर आपण कोठे उभे आहोत हे कळावे म्हणून ज्या क्षणांच्या नोंदी झाल्या, तसल्याच नोंदी त्या चंद्रांपर्यंत पोहोचण्याच्या कामी आल्या.

यानाचे दैवही पिअर्सच्या पलटणीसारखेच खडतर निघाले. एप्रिल १९९१ मध्ये त्याची छत्रीसारखी मोठी संदेशवाहिनी उघडेना. सेकंदाला १,३४,००० संकेत पाठवावयाचे होते. लहान वाहिनीवरून फार तर १६० च्या आसपास जाऊ लागले. तरीही ७ डिसेंबर १९९५ रोजी ते गुरूपाशी पोहोचले. त्याने आधीच सोडलेली कुपी त्या दिवशी गुरूच्या वातावरणात शिरली आणि उष्णता व दाब यांखाली निकामी होईपर्यंत सुमारे ५८ मिनिटे बातमी देत राहिली. ती बातमी पृथ्वीवर यावयास पाऊण तासाहून अधिक लागला. प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो हे १६७६ साली रोमरने ताडले ते आयोच्याच ग्रहणांना होणाऱ्या उशिरावरून, ही गोष्ट येथे आठवते.

गॅनिमीडला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे आणि युरोपाच्या बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र असावा, हे या यानाने दाखविले. पृथ्वीवरून गेलेला एखादा जंतू त्या समुद्राला विटाळू नये म्हणून, इंधन संपत आल्यावर, २१ सप्टेंबर २००३ रोजी ते मुद्दाम गुरूच्या पोटात लोटण्यात आले. त्यानंतर जुनो हे यान २०१६ साली तेथे पोहोचले. युरोपातील राष्ट्रांचे ज्यूस १४ एप्रिल २०२३ रोजी निघाले असून २०३१ साली गुरूपाशी जावयाचे आहे. पुढे ते गॅनिमीडभोवती फिरू लागेल. आपल्या चंद्राखेरीज दुसऱ्या कोणत्याही चंद्राभोवती आजवर मानवाचे यान फिरलेले नाही.