वायरीची दोन टोकं

१९८३ साली मी मुंबईच्या टेलिफोन खात्यात लागलो तो एका एक्स्चेंजच्या फ्रेमवर. फ्रेम म्हणजे एमडीएफ, छताला टेकलेला लोखंडी सांगाडा. एका अंगाला रस्त्याखालून आलेल्या केबली, दुसऱ्या अंगाला एक्स्चेंजचे नंबर, मधे दोन्हींना जोडणारे जंपर. ग्राहकाने त्याच भागात जागा बदलली की तारांची जोडी बदले, नंबर तोच राही. प्रत्येक नंबराचं एक कार्ड असे: कॅबिनेट, पिलर, डीपी, जोडी. सगळं पेन्सिलीने, कारण उद्या खोडावं लागणार. जंपर टाकला आणि कार्ड भरलं नाही, तर आमचे सुपरवायझर काम झालं असं धरतच नसत.

जुन्या केबलींत तारेवर कागद गुंडाळलेला, वर शिशाचं कवच. त्यात जोडी शोधायची तर एकाने पलीकडे बझर लावायचा, दुसऱ्याने अलीकडे कान द्यायचा. प्लास्टिकच्या केबलींत मात्र रंगांवरून जोडी ओळखू येई. पांढरा, लाल, काळा, पिवळा. यातल्या प्रत्येकाबरोबर निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पाच चोक वीस जोड्या.

पुढे खातं सोडून मी ऑफिसांच्या वायरिंगची कामं धरली. सुरुवातीच्या कॉम्प्युटर नेटवर्कात एकच कोअ‍ॅक्स केबल टेबलाटेबलावरून फिरायची, जास्तीत जास्त १८५ मीटर, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. लेबल लावायला होतंच काय? एक जोड सैल झाला की सगळं ऑफिस बंद, एवढंच. १९९० साली टेन-बेस-टीचं मानक आलं आणि हळूहळू प्रत्येक टेबलाची वेगळी केबल हबपर्यंत जाऊ लागली. तसली पहिली हब-रूम पाहिली तेव्हा मला आमची फ्रेमच आठवली. केबलीत चार जोड्या, रंगही ओळखीचे: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी. १९९३ साली अमेरिकेत ६०६ क्रमांकाचं मानक निघालं. केबलीच्या दोन्ही टोकांना खूण हवी, तिची नोंद हवी. फ्रेमवरची शिस्तच ती.

फोर्टातल्या एका ऑफिसात ही शिस्त कुणी पाळलेली नव्हती. ४८ पॉइंट, आणि खुणा म्हणजे मास्किंग टेपवर स्केचपेनने लिहिलेली माणसांची नावं. पावसाळ्यात गोंद सुटून निम्म्या टेपा रॅकच्या तळाशी पडलेल्या. उरल्या त्यांतली बरीच माणसं नोकरी सोडून गेलेली. फ्रेमच्या टॅगवर आम्ही ग्राहकाचं नाव कधी लिहिलं नाही. माणूस हलतो, जागा हलत नाही. दोन रात्री मी आणि माझा पोऱ्या एकेक पोर्ट तपासत बसलो.

‘‘काका, सतराचा दिवा लागला!’’

‘‘आधी लिही, मग पुढचा.’’

मजला, रॅक, पोर्ट: २ए-१७. तोच आकडा टेबलापाशी, तोच पॅच पॅनलवर. शेवटी सगळी यादी पेन्सिलीने एका कागदावर उतरवून रॅकच्या दारामागे चिकटवली आणि दोऱ्याने पेन्सिलही बांधून ठेवली.

बऱ्याच वर्षांनी त्या ऑफिसात पुन्हा जाणं झालं. हब जाऊन स्विच आले होते, खुर्च्यांवर सगळे नवे चेहरे. रॅकचं दार उघडलं. कागद पिवळा पडला होता. माझ्या ४८ ओळींखाली ४९ ते ७१, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, सगळ्या पेन्सिलीने. दोऱ्याला दुसरी पेन्सिल होती.