मोतीबिंदू, विमानाची काच आणि मुरबाडचा बांध

१/ शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. तरीही १९४९ साली लंडनमध्ये प्रथम वापरलेले एक इवलेसे भिंग अशा ग्रामीण भागांत सर्रास बसवले जाण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. त्या विलंबाचा हा इतिहास.

२/ मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. सुश्रुतसंहितेत शलाकेने हा अडसर दूर सारण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. १७४७ साली फ्रेंच शल्यचिकित्सक जाक दाव्हिएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली.

३/ या इतिहासात एक मराठी पानही आहे. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत.

४/ परंतु भिंग काढले की प्रतिमा पडद्यावर नेमकी उमटवणार कोण? उत्तर होते सुमारे +१० क्रमांकाचा जाड चष्मा. त्यातून प्रत्येक वस्तू जवळपास पाव पटीने मोठी दिसे आणि कडेचे दृश्य हरवे.

५/ शहरातील सपाट रस्त्यावर हे कसेबसे निभावे. मुरबाडच्या भातखाचरातील अरुंद बांधावर किंवा विहिरीच्या पायऱ्यांवर मात्र पाऊल कुठे पडेल, याचा अदमासच चुके. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दोन डोळ्यांना दोन आकारांचे जग दिसे. आणि चष्मा फुटला की पुन्हा अंधार.

६/ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या छताचे प्लास्टिकचे कण घुसत. ते डोळ्याला फारसा अपाय न करता तसेच राहतात, हे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानात आले. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रुग्णाच्या डोळ्यात बसवले.

७/ डोळ्यातील वस्तू काढावी की घालावी? अनेक नामवंत तज्ज्ञांनी रिडलींना कडाडून विरोध केला. भिंगाच्या रचनेत सुधारणा होऊन ते सर्वमान्य होईपर्यंत १९८० चे दशक उजाडले. त्यानंतर अडसर उरला तो किमतीचा: आयात भिंगाला सुमारे शंभर डॉलर पडत.

८/ १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ‘ऑरोलॅब’ने भिंगे देशातच घडवण्यास आरंभ केला. किंमत सुमारे दहा डॉलरवर आली आणि पुढे त्याहूनही उतरली. टाके न घालता, महागड्या यंत्राविना करता येणारी शस्त्रक्रियाही रुळली.

९/ राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून होताच. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यांपैकी एक. तंबूतील शिबिराऐवजी रुग्णाला रुग्णालयात आणून भिंग बसवण्यावर भर आला.

१०/ शोधाची तारीख लंडनच्या नोंदवहीत सापडते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांसाठी मात्र इतिहासाची खरी तारीख तीच, ज्या दिवशी एखादी आजी जाड चष्म्याविना, कोणाचाही हात न धरता, स्वतःच्या शेताचा बांध ओलांडून गेली. ती तारीख कोणत्याही ग्रंथात नोंदलेली नाही.