बीजिंगचे ऋतुमान : दोन महिन्यांच्या पावसावर वर्षाचा भार

चीनची राजधानी बीजिंग सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर, उत्तर चीनच्या मैदानाच्या कडेला वसली आहे. शहराच्या पश्चिमेस व उत्तरेस डोंगर आहेत. समुद्र फार दूर नसला, तरी येथील हवामान सागरी नाही. ऋतूंनुसार दिशा पालटणाऱ्या मोसमी वाऱ्यांवर ते अवलंबून असते.

हिवाळा दीर्घ व कोरडा असतो. सायबेरियावरील अतिदाबाच्या क्षेत्राकडून येणारे वायव्य वारे कडाक्याची थंडी आणतात. जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे उणे ३ अंश सेल्सिअस असते. घरांना सामायिक उष्णतापुरवठा साधारणतः १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात होतो. मात्र वाऱ्यांत बाष्प नसल्याने हिमवर्षाव अल्पच होतो. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी जवळजवळ सर्व बर्फ यंत्रांनी तयार करावा लागला, तो याच कारणाने.

वसंत ऋतू अल्पजीवी असतो. तापमान झपाट्याने चढते, पाऊस मात्र कमीच पडतो. मंगोलियाकडील वाळवंटी प्रदेशातून धुळीची वादळे येतात. मार्च २०२१ मध्ये अशाच एका वादळाने आकाश पिवळे झाले होते. वसंतातला पाऊस तेलाइतका मोलाचा, अशी चिनी लोकोक्ती आहे.

जून ते ऑगस्ट हा उष्ण व दमट काळ. जुलैचे सरासरी तापमान सुमारे २७ अंश असते. आग्नेयेकडून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगरांना अडतात आणि पाऊस देतात. वार्षिक पर्जन्यमान ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असून, त्याचा बहुतांश भाग याच काळात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील शरद ऋतू निरभ्र व सर्वांत सुखद मानला जातो.

पाऊस असा थोड्या दिवसांत एकवटल्याने संकट दुहेरी होते. जुलै २०१२ च्या अतिवृष्टीत शहर परिसरात ७९ जणांचा मृत्यू झाला. जुलै २०२३ च्या अखेरीस ‘डोक्सुरी’ चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे एका ठिकाणी काही दिवसांतच ७४४.८ मिलिमीटर पाऊस कोसळला. १४० वर्षांच्या नोंदींतील हा उच्चांक होता. उरलेले वर्ष मात्र टंचाईचे. म्हणूनच हान नदीवरील दानजियांगकोऊ जलाशयाचे पाणी १२०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या कालव्याने उत्तरेकडे वळवण्यात आले. डिसेंबर २०१४ मध्ये ते बीजिंगला पोहोचले. तेव्हापासून राजधानीची तहान बऱ्याच अंशी दक्षिणेकडील पावसावर भागत आहे.